कौलांखालचे शेजारी

रत्नागिरीस आपले येणे झाले, तर एक संध्याकाळ थिबा राजवाड्यासाठी राखून ठेवावी. ब्रह्मदेशाचा अखेरचा राजा थिबा यास इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत केले आणि पुढच्याच वर्षी या गावी आणून ठेवले. त्याच्यासाठी बांधलेल्या या वाड्यात तो १९१० मध्ये राहावयास आला आणि १९१६ मध्ये येथेच वारला. तांबूस भिंती, उतरती छपरे, खिडक्यांवरील अर्धवर्तुळाकार लाकडी कोरीवकाम हे सारे आपण पाहालच. पण उन्हे उतरल्यावर लगेच परतू नका. जवळच्या थिबा पॉइंटवरील बाकावर बसा. खाली भाट्याची खाडी, पलीकडे समुद्र. प्रकाश राखाडी होऊ लागला की डोक्यावरून काहीतरी सर्रकन जाते, वळते, पुन्हा येते. पाखरू म्हणावे, तर उडण्यात पाखराचा सरळपणा नाही. ती आपली पाकोळी. आकाराने अंगठ्याएवढी, वजनाने चार-पाच ग्रॅमची, कीटकांवर जगणारी वटवाघळे.

पक्षिनिरीक्षक मंडळी पाकोळी हे नाव एका पक्ष्याला देतात. कोकणातील घरांत मात्र ते या छोट्या वटवाघळालाच शोभून दिसते. आंब्या-चिकूच्या बागेत रात्री गोंधळ घालणारे, पंख पसरल्यावर हातभराहून रुंद दिसणारे मोठे वाघूळ वेगळे. ते फळे खाते. पाकोळी डास, पतंग, भुंगेरे, तुडतुडे खाते, आणि तेही अंधारात, स्वतःच्या आवाजाचा प्रतिध्वनी ऐकून. रक्त पिणारी वटवाघळे केवळ अमेरिका खंडांत आहेत. आपल्याकडे एकही नाही. ही बाब मी प्रत्येक रुग्णास सांगतो, आणि प्रत्येक जण ती थोड्याशा अविश्वासाने ऐकतो.

हे सारे आरोग्यविषयक पाक्षिकात का, असे आपण विचाराल. कारण रत्नागिरीच्या जुन्या घरांत ही मंडळी आपल्याबरोबर राहतात, आणि ज्या घरांत वृद्ध माणसे एकटी आहेत तेथे ती अधिक राहतात. जांभ्याच्या भिंती, पडवी, ओटी, माजघर, वर पोटमाळा, त्यावर रिपा आणि मंगलोरी कौले. मुले मुंबईस, पुण्यास, काही अमेरिकेस. माळ्याकडे वर्षानुवर्षे कोणी फिरकत नाही. कौल सरकलेले असते, दोन बोटांची फट पडलेली असते, आणि पाकोळीला एवढी फट पुरते. मग एखाद्या रात्री पंख्याच्या वाऱ्यातून ती आजीच्या खोलीत घिरट्या घालू लागते, आणि सकाळी मुलाचा मुंबईहून फोन येतो : “डॉक्टर, आईच्या खोलीत पाकोळी शिरली होती. वटवाघळापासून रेबीज होतो असे वाचले. काय करू?”

प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही.

रेबीज हा मज्जासंस्थेचा रोग. विषाणू लाळेतून जखमेत उतरतो, मज्जातंतूंच्या वाटेने हळूहळू मेंदूकडे सरकतो, आणि बहुधा एक ते तीन महिन्यांनी लक्षणे दिसू लागतात. लक्षणे दिसल्यानंतर रुग्ण वाचणे ही अपवादात्मक गोष्ट होय. या रोगाच्या विषाणूचे एक मोठे कुटुंब आहे. त्याला लिसाव्हायरस म्हणतात. आजवर ओळखलेल्या या कुळातील बहुतेक विषाणू वटवाघळांतच सापडले आहेत. परंतु येथे एक भौगोलिक भेद लक्षात ठेवावा. कुत्र्यांत आढळणारा जो नेहमीचा रेबीज विषाणू, तो वटवाघळांत केवळ उत्तर व दक्षिण अमेरिकेत वास करतो. आशिया, युरोप, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया येथील वटवाघळांत त्याचे नातेवाईक विषाणू आढळतात. माणसास ते क्वचित बाधतात, पण बाधले तर आजार तोच असतो आणि त्याचा शेवटही तोच.

कीटकभक्षी वटवाघळांकडे वैद्यकाचे लक्ष गेले ते १९५३ मध्ये. अमेरिकेतील फ्लोरिडा प्रांतात टँपाजवळ सात वर्षांच्या एका मुलाला दिवसाढवळ्या एका पिवळसर वटवाघळाने चावा घेतला. रक्तपिपासू वटवाघळांविषयी वडिलांच्या कानी काही आले होते, म्हणून त्यांनी त्या प्राण्याच्या तपासणीचा आग्रह धरला. तपासणीत रेबीज निघाला, मुलाला लस मिळाली, मुलगा वाचला. तोवर तेथे कीटक खाणाऱ्या वटवाघळात रेबीज असेल अशी कल्पनाच नव्हती. पुढे १९८५ मध्ये फिनलंडमध्ये एक वटवाघूळ-संशोधक आणि २००२ मध्ये स्कॉटलंडमध्ये एक वटवाघूळ-संरक्षक युरोपीय लिसाव्हायरसने गेले. २००७ मध्ये केनियात फिरावयास गेलेल्या एका डच स्त्रीच्या नाकावर छोट्या वटवाघळाने ओरखडा काढला. ती स्वतः डॉक्टर होती. मायदेशी परतल्यावर काही आठवड्यांनी तिचा मृत्यू झाला. आणि आपल्या पाकोळीच्या अगदी जवळची गोष्ट म्हणजे, २०१६-१७ च्या सुमारास तैवानमध्ये घरांच्या आसपास राहणाऱ्या जपानी पिपिस्ट्रेल जातीच्या मेलेल्या वटवाघळांत एक नवा लिसाव्हायरस सापडला. आपल्या कौलांखालची पाकोळी याच पिपिस्ट्रेल कुळातली.

आणि भारत? नागालँडमध्ये गुहांतील वटवाघळे पकडण्याची जुनी प्रथा आहे. तेथील वटवाघळांच्या रक्ताचे नमुने बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेतील शास्त्रज्ञांनी तपासले आणि काहींत लिसाव्हायरसविरोधी प्रतिपिंडे आढळल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध केले. श्रीलंकेत कँडीजवळ फळे खाणाऱ्या मोठ्या वाघळांच्या मेंदूत गन्नोरुवा नावाचा लिसाव्हायरस मिळाला. ती जात कोकणातल्या वडांवर टांगलेली दिसते तीच. मात्र वटवाघूळ चावून भारतात कोणास रेबीज झाला, असे निर्विवादपणे सिद्ध झालेले नाही. म्हणूनच आपल्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी वटवाघळाच्या संपर्कासाठी उपचार आवश्यक नाहीत अशी भूमिका नोंदविली आहे. आणि जागतिक आरोग्य संघटना मात्र वटवाघळाशी आलेला थेट संपर्क सर्वांत गंभीर, म्हणजे तिसऱ्या श्रेणीत धरते. दोन्ही मते जबाबदार तज्ज्ञांची आहेत. माझ्यासारख्या गावातल्या डॉक्टराला या दोहोंच्या मध्ये उभे राहून समोरच्या आजींचा निर्णय करावा लागतो.

माझी रीत सांगतो. पाकोळी खोलीत उडाली, डोक्यावरून गेली, अंथरुणावर लेंड्या पडल्या, तर काहीही करावयाचे नाही. प्रत्यक्ष चावा वा ओरखडा असेल, किंवा उघड्या जखमेवर, डोळ्यांत, तोंडात तिची लाळ गेली असेल, तर जखम धुऊन लस द्यावी, या बाजूचा मी आहे. लसीने अपाय होण्याची शक्यता अत्यल्प, आणि न घेतल्यास जे घडू शकते ते परतवता येत नाही. कुत्रा वा मांजर चावल्यावर त्या प्राण्यावर १० दिवस लक्ष ठेवण्याची जी पद्धत आहे, ती वटवाघळास लागू नाही.

खरी अडचण तिसऱ्याच ठिकाणी आहे. वटवाघळाचे दात सुईच्या टोकाइतके बारीक असतात. जागा माणूस चावा लगेच ओळखतो, पण गाढ झोपेतला, झोपेची गोळी घेतलेला, स्मृतिभ्रंश झालेला, अर्धांगवायूने बोलणे गेलेला, किंवा मधुमेहामुळे पायांची संवेदना गमावलेला माणूस? त्याच्या बिछान्यात सकाळी पाकोळी सापडली, तर ‘काही झाले नाही’ हे तो सांगू शकत नाही. अशा वेळी त्याच्या वतीने सांभाळणाऱ्यांनी विचार करावयाचा असतो. २०२१ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय प्रांतात ऐंशी उलटलेले एक गृहस्थ जागे झाले, तर वटवाघूळ त्यांच्या मानेवर बसलेले होते. ते पकडून तपासले गेले, त्यात रेबीज निघाला, लस घ्या असे त्यांना सांगितले गेले. त्यांनी नकार दिला. महिन्याभरात मानेत वेदना, हातांना बधिरपणा, बोलण्यात अडखळणे सुरू झाले आणि ते गेले. त्यांच्या घरात वटवाघळांची वसाहत आढळली. आपल्यापैकी जे आजी-आजोबा नातवंडांसाठी सहा-सहा महिने अमेरिकेस जाऊन राहतात, त्यांनी ही घटना विसरू नये. तेथे झोपण्याच्या खोलीत वटवाघूळ सापडले, तर हाकलून देऊन मोकळे होऊ नये. मुलाला वा सुनेला सांगून तेथील आरोग्य खात्याला कळवावे, कारण तेथे तो प्राणी तपासण्याची सोय आहे.

कोकणात याच प्रसंगी मी आणखी एक गोष्ट आधी पाहतो, आणि ती पाकोळीहून कितीतरी महत्त्वाची आहे. ‘रात्री काहीतरी चावले, काय ते कळले नाही’ असे वृद्ध माणसाने सांगितले, तर पहिला संशय मण्यारीचा. मण्यारीचा दंश बहुधा दुखत नाही, खूण दिसतेच असे नाही. पहाटे पोटात कळा, पापण्या जड होणे, गिळताना त्रास, आवाज बदलणे यांपैकी काहीही दिसले तर क्षणाचाही विलंब न करता जिल्हा रुग्णालय गाठावे. रेबीजच्या लसीला काही तास इकडेतिकडे चालतात. मण्यारीच्या दंशाला चालत नाहीत.

आता फिरावयास आलात तर रत्नदुर्गही पाहाच. समुद्रात घुसलेली टेकडी, वर भगवती देवीचे मंदिर, पलीकडे दीपगृह, कड्यावरून खाली पाहिले की डोळे फिरतील असा पाण्याचा निळा रंग. गुडघे दुखत असतील तर मंदिरापर्यंतच पुरे. किल्ल्याच्या अंगाला गुहा आणि भुयारासारख्या जागा आहेत. तरुण मंडळींना मोबाईलचा दिवा घेऊन त्यांत शिरण्याचा मोह होतो. जिल्ह्याच्या उत्तर टोकास, दापोली तालुक्यात, कोटजाई नदीच्या काठी पन्हाळेकाजीची २९ लेणी आहेत. बौद्धांपासून नाथपंथीयांपर्यंतच्या साधनेच्या खुणा तेथे एकाच कातळात वाचता येतात. अशा अंधाऱ्या दालनांत छताला, नाकावर पानासारखी घडी असलेली वटवाघळे लटकलेली असतात. ती दिसली की आवाज न करता बाहेर यावे. हात लावू नये, काठीने डिवचू नये. खाली पडलेले, दिवसा जमिनीवर सरपटणारे वटवाघूळ तर मुळीच उचलू नये. निरोगी वटवाघूळ असे सहसा हाती लागत नाही. स्कॉटलंड आणि फिनलंडमध्ये जे गेले, ते वटवाघळे नित्य हाताळणारे होते. सहज फिरावयास आलेल्या माणसाची तेवढी जवळीक सहसा होत नाही, हे आपल्या समाधानासाठी सांगतो.

२०२१ मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतील वटवाघळांत निपाह विषाणूच्या खुणा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला सापडल्याची बातमी आपण वाचली असेल. त्यांत कीटकभक्षी पिपिस्ट्रेलही होती. त्या बातमीनंतर काही गावांत वाघळांची झाडे तोडण्याची भाषा सुरू झाली. मला ती पसंत नाही. वसाहत उधळली की प्राणी विखुरतात, नव्या घरांत शिरतात, घाबरलेले प्राणी चावतात. शिवाय त्यांचे उपकार आहेत. स्पेनमधील एब्रो नदीच्या मुखाशी भातशेतीत वटवाघळांसाठी लाकडी पेट्या टांगल्या, तेव्हा भाताच्या खोडकिड्याचा उपद्रव कमी झाला. खोडकिडा म्हणजे काय ते कोकणच्या शेतकऱ्यास सांगावयास नको. आणि आपल्या शेजारी, बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेत, राटनचे वटवाघूळ नावाची कीटकभक्षी जात आहे. १९१३ मध्ये तिला शास्त्रीय नाव मिळाले, आणि पुढे कित्येक दशके ती साऱ्या जगात या एकाच ठिकाणी ठाऊक होती. मराठी बोलणाऱ्या मुलखाची ही ठेव आहे. तिची फारशी चर्चा होत नाही, याचे मला नवल वाटते.

वटवाघळांची इतकी चर्चा झाल्यावर तोल सांभाळावयास हवा. भारतात रेबीज देणारा प्राणी कुत्रा हाच; त्याखालोखाल मांजर. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२२-२३ मधील पाहणीवरून देशात दर वर्षी सुमारे ५,७०० माणसे रेबीजने मरतात असा अंदाज आहे, आणि प्राण्यांच्या चाव्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश चावे कुत्र्यांचे असतात. भाट्याच्या किंवा मांडवीच्या किनाऱ्यावर सकाळी फिरणाऱ्या ज्येष्ठांनी पाकोळीपेक्षा पायाशी हुंगणाऱ्या कुत्र्याकडे अधिक लक्ष द्यावे. पळू नये. उभे राहावे, काठी उगारू नये, हळूहळू मागे सरावे. घरचे मांजर बोचकारले आणि रक्त आले, तर ‘आपलीच मनी’ म्हणून सोडून देऊ नये.

चावा कुणाचाही असो, पहिली १५ मिनिटे आपल्या हातात असतात. वाहत्या पाण्याखाली साबण लावून जखम धुवावी. घड्याळ लावून धुवावी, कारण १५ मिनिटे हा वाटतो त्याहून पुष्कळ मोठा काळ आहे. त्यावर तिखट, चुना, हळद, तेल, काथ यांतले काहीही लावू नये. पट्टी करकचून बांधू नये. मग सरकारी रुग्णालय. तेथे लस विनामूल्य मिळते. साठी-सत्तरीच्या वाचकांना पोटात घ्यावयाची १४ इंजेक्शने आठवत असतील. कसौली येथे १९११ च्या सुमारास डेव्हिड सेंपल यांनी तयार केलेली ती लस. मेंढीच्या मेंदूच्या ऊतीपासून बनत असे. २००४ नंतर आपल्या देशात तिचे उत्पादन थांबले. अजूनही कित्येक आजोबा त्या इंजेक्शनांच्या भीतीने चावा लपवितात. ती भीती आता सोडा. आजची लस दंडात, पहिल्या दिवशी आणि नंतर ३, ७, १४, २८ व्या दिवशी, किंवा कातडीत दोन-दोन ठिकाणी ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी दिली जाते. ती ढुंगणात घेऊ नये. तेथे तिचा गुण कमी येतो. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, वय यांपैकी काहीही लसीच्या आड येत नाही. मात्र संधिवातासाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, दम्यासाठी वा अन्य कारणाने स्टेरॉइड, किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर ती चिठ्ठी सोबत न्यावी. डॉक्टर त्यावरून लस कातडीत द्यावी की स्नायूत, हे ठरवितात.

जखम खोल असेल तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन जखमेत आणि तिच्या भोवती टोचावे लागते. लसीने शरीर स्वतःची प्रतिपिंडे तयार करण्यास काही दिवस घेते, तोवरची ही तयार ढाल. ती घेताना टोचणी दुखते, आणि वृद्ध माणसे ‘एवढी पुरे’ म्हणून उठू लागतात. सोबतच्या माणसाने त्यांचा हात धरून बसावे. जुन्या लिसाव्हायरसांपैकी जे माणसाला बाधल्याचे ठाऊक आहे, त्यांतील बहुतेकांवर, युरोपीय, ऑस्ट्रेलियन, डुव्हेनहेज यांवर, हीच लस काम करते. वटवाघळांसाठी वेगळी लस नाही आणि लागतही नाही.

गणपतीच्या चार दिवस आधी मुंबईचे चाकरमानी येतात आणि वर्षभर बंद असलेले घर उघडले जाते. माळा झाडण्याची घाई तेव्हाच होते. पाकोळ्यांच्या सुक्या लेंड्यांची धूळ छातीत जाणे हा रेबीजहून वेगळा, पण खरा धोका आहे. तिच्यात बुरशीचे बीजाणू असू शकतात, आणि दमा वा जुना खोकला असलेल्यांना ती धूळही पुरेशी असते. कोरडा केरसुणीचा फटका मारू नये. आधी पाणी शिंपडून ओले करावे, मग खोऱ्याने गोळा करून पिशवीत बांधावे. नाकातोंडावर चांगला मास्क, हातांत जाड मोजे. वृद्ध माणसांना त्या दिवशी ओटीवर बसवावे.

पाकोळी खोलीत शिरली तर पंखा आधी बंद करावा. ती पात्याला लागून पडते आणि मग कोणी तिला उचलू जाते. दिवे मालवावेत, बाहेरचे दार व खिडक्या उघड्या टाकाव्यात, ओटीवरचा दिवा लावावा. दिव्यावर जमलेल्या किड्यांमागे ती आपण होऊन जाते. जमिनीवर बसली असेल तर डबा पालथा घालून खालून पुठ्ठा सरकवावा. उघड्या हाताने धरू नये. अंथरुणाला मच्छरदाणी असावी आणि ती गादीखाली नीट खोचलेली असावी. मण्यार, डास, पाकोळी यांना एकच उपाय, आणि तो फार स्वस्त आहे.

कौले फिरवावयाची असतील, तर ती फट बुजविण्यापूर्वी आत पिले नाहीत ना, हे पाहून घ्या. संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकून बसा आणि पाकोळ्या कोणत्या फटीतून बाहेर पडतात ते मोजा. मग त्या फटीवर वरच्या कडेने बारीक जाळी टांगा, खालची कड मोकळी ठेवा. बाहेर पडलेली पाकोळी त्या पडद्याखालून सरकून जाते, पण परत शिरताना तिला वाट सापडत नाही. तीन-चार रात्री कोणी बाहेर पडले नाही, की सुताराला बोलावून रीप बदला आणि कौल बसवा.